चौथ्या सिलिंडरचा प्लग

आमच्या धंद्यात एक आवाज असा आहे की तो आला की गॅरेजमधला रेडिओ कुणीतरी न सांगता बंद करतं. ‘चट्’. सुपारी फुटावी एवढाच आवाज. पण पाना एकदम सैल फिरतो आणि गोटीत हीटर प्लगचं डोकं तेवढं हाती येतं. बाकीचा प्लग इंजिनाच्या हेडमध्ये.

पुस्तकात याला ग्लो प्लग म्हणतात. शहाड फाट्यापासून बदलापूर गावापर्यंत कुठल्याही मेकॅनिकला विचारा, तो हीटर प्लगच म्हणेल. अंबरनाथच्या आयटीआयमध्ये मी डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला तेव्हा सरांनी फळ्यावर एक नाव लिहिलं होतं आणि वर्कशॉपमधला शिपाई दुसरं सांगत होता. पुढची पंचवीस-तीस वर्षं शिपायाचंच नाव कामाला आलं.

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पेट्रोल पेटवते. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा सतरा-अठरा पट दाबली की ती स्वतःच इतकी तापते की फवारलेलं डिझेल पेटतं. पण पहाटे इंजिन गार असलं की हेड आणि सिलिंडरचा थंडगार धातू ती उष्णता पिऊन टाकतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये पेन्सिलीच्या टोकाएवढी एक कांडी असते. चावी फिरवली की तिचं टोक काही सेकंदांत आठशे-हजार डिग्रीला लालबुंद होतं आणि पहिला फवारा तिथे पेटतो. डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो ना, तो विझेपर्यंत थांबायचं असतं. कोण थांबतं?

मोठ्या सहा सिलिंडरच्या ट्रकला बहुधा हे प्रकरण नसतंच, त्यामुळे ते ड्रायव्हर आमच्या या दुखण्याला हसतात. आमच्याकडे येतात ते लहान ट्रक. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचमधून जीन्सचे गठ्ठे नेणारे पिकअप, एमआयडीसीतून ड्रम वाहणारे टेम्पो आणि २००५ साली बाजारात आल्यापासून ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात ती टाटा एस. जुन्या दोन सिलिंडरच्या छोट्या हत्तीचं इंजिन असं की डिझेल आधी हेडमधल्या एका लहान खोलीत पेटतं आणि मग पिस्टनवर येतं. त्या खोलीच्या भिंती उष्णता फार खातात. तिथे एक प्लग गेला तरी पहाटे गाडी एका पायावर लंगडते, पांढरा धूर सोडते, आणि मालक दुसऱ्याच दिवशी दारात येतो. त्याहून जुन्या काही गाड्यांत तर प्लग एकापाठोपाठ एक जोडलेले असत. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ अंधारात जायची, तसंच. वैताग होता, पण खोड लपून राहत नव्हती.

नव्या कॉमन रेलच्या पिकअपला मात्र आपल्या हवेत हीटर प्लगची फारशी गरजच पडत नाही, आणि माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. उल्हासनगरात थंडी म्हणजे स्वेटर घालायला मिळालेलं निमित्त. बदलापूरला डिसेंबर-जानेवारीत पहाटे जरा बोचरं असतं. भाजीसाठी तीन वाजता निघणाऱ्यांना ते कळतं. बाकी वर्षभर चारपैकी दोन प्लग मेलेले असले तरी गाडी पहिल्या सेल्फला चालू. मेलेला प्लग कुणाला आठवत नाही, म्हणून कुणी काढत नाही. आठ-आठ, दहा-दहा वर्षं तो एकाच जागी बसून राहतो आणि हळूहळू हेडचाच होऊन जातो. हिमाचलातला ड्रायव्हर दर हिवाळ्याआधी प्लग तपासत असेल, त्याचे सुटतही असतील. आपले तुटतात, कारण आपल्याला त्यांची उणीव भासत नाही.

खालून त्याला कार्बन धरतो. टोक आणि भोक यांच्यात केसाएवढी फट असते, ती काजळीने सिमेंट भरल्यासारखी बुजते. वरून पाणी. प्लग खोल खळग्यात असतो, खळग्यात पावसाचं, धुण्याचं पाणी साचतं. प्लग पोलादाचा, हेड अॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल म्हटल्यावर आटे एकमेकांना खातात. तिसरं कारण माणसाच्या हातचं आहे. बॅटरी बसली की नाक्यावर उभ्या असलेल्या ट्रकची केबल जोडून गाडी चालू करायची. ट्रक चोवीस व्होल्टचा, पिकअप बारा व्होल्टचा. तेवढ्यात प्लगचं टोक वितळून फुगतं, आणि फुगलेलं टोक ज्या भोकातून आत गेलं त्यातून बाहेर येत नाही. तुम्ही वर कितीही तेल सोडा.

मला जी गाडी सांगायची आहे ती बदलापूरची. जुलै २०१९ च्या पुरात, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली त्या रात्री, ही पिकअप बॉनेटपर्यंत उल्हास नदीत उभी होती. नंतर मालकाने इंजिन उघडून तेल बदललं, सेल्फ बदलला, गाडी धंद्याला लागली. हीटर प्लग कुणी पाहिले नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये तो आला. “मेस्त्री, पहाटे धूर मारते, मार्केटात पोरं हसतात.”

मीटर लावला. चांगल्या प्लगला एक ओहमच्या आतबाहेर रीडिंग मिळतं. इथे तीन प्लगना काहीच मिळालं नाही, चौथा तेवढा जिवंत. तो जिवंत होता तर काढायचं कारण नव्हतं, हे आज मला कळतं. पण मालक म्हणाला, घ्या चारही बदलून, एकदाच. आणि मीही हो म्हणालो.

तीन दिवस रोज संध्याकाळी गाडी बोलावून खळग्यांत गंजाचं तेल सोडलं. चौथ्या दिवशी ती कल्याणपर्यंत पळवून आणली, कारण हेड गरम असताना अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि पकड सैल होते. मग टॉर्क पाना. या दहा मिलिमीटर आट्याच्या प्लगला बसवताना साधारण पंधरा न्यूटन-मीटर जोर पुरतो. फूटभर लांब पान्याच्या टोकाला पाच किलोची पिशवी अडकवा, तेवढा. पस्तीसच्या आसपास तो तुटतो. म्हणजे तीच पिशवी बारा किलोची. चाकाचे नट सोडताना पान्याला पाइप लावून वर उभं राहणाऱ्या माणसाला हा आकडा पटतच नाही.

पहिले तीन ‘कर्र कर्र’ करत आले. हा कर्र आवाज चांगला; दर पाव फेऱ्याला पुन्हा थोडं आत घ्यायचं, पुन्हा बाहेर. चौथा केबिनच्या पत्र्याला खेटून. तिथे हात वाकडा करून पाना धरावा लागतो. पाना फिरला, पण आवाज आला नाही. मऊ फिरला, चिक्की वाकावी तसा. ते मऊपण म्हणजे प्लग सुटत नसून पिळला जातोय. गॅरेजमधल्या पोराला हे मी दहा वेळा शिकवलं होतं. मीच थांबलो नाही.

चट्.

मालक टपरीवर चहा घेत होता, त्याला तिथून कळलं.

आता दोन रस्ते. एक, हेड उतरवायचं: टायमिंग, गॅस्केट, हेडचे नवे बोल्ट, आठवडा आणि मालकाचा धंदा बंद. दुसरा, जागच्या जागी कोरून काढायचं. दुसऱ्यात धोका एकच, पण मोठा. पोलाद कडक, आजूबाजूचं अॅल्युमिनियम मऊ. ड्रिलचं टोक जरा ढळलं की ते मऊ बाजूला पळतं आणि हेड कायमचं जखमी. हाताच्या अंदाजाने हे काम करणारे मी पाहिलेत. त्यांची हेडंही पाहिलीत.

म्हणून मी आधी काकांकडे गेलो. ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर म्हणून आयुष्य काढलेले, निवृत्तीनंतर घराच्या पडवीत एक जुना लेथ. अंबरनाथला असे हात अजून सापडतात. १९५३ सालची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीसुद्धा याच गावची. मी खळग्याचं माप दिलं. काकांनी चष्मा पुसला, माझं माप बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “तुटलेलं डोकं आणलंस का? ते दे.” डोक्यावरून माप घेऊन त्यांनी पितळेच्या बुश बनवल्या. बाहेरून खळग्यात घट्ट, आतलं भोक प्रत्येकीचं वेगळं. आता ड्रिलला पळायला जागाच नव्हती.

नोझल आणि वरचे पाइप काढले. चौथा पिस्टन अगदी वर आणून ठेवला, म्हणजे काही पडलंच तर वरच्या वर राहील. प्लगच्या मधून करंट नेणारी बारीक सळई असते, ती चिमट्याने ओढली तशी आली. तिच्यामागून पांढरी भुकटी सांडली. मॅग्नेशियम ऑक्साइड. वीज अडवायची आणि उष्णता जाऊ द्यायची, दोन्ही कामं करते म्हणून कांडीत ठासून भरलेली असते. उंबऱ्यावरच्या रांगोळीसारखी ती काळ्या हेडवर पसरली आणि पोरगं म्हणालं, “उस्ताद, हिचं काय करू?” म्हटलं, श्वासात घेऊ नको, व्हॅक्यूम लाव.

मग तीन मिलिमीटरचं ड्रिल, त्यावर ग्रीस थापलेलं, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून वर येतो. चार फेरे, बाहेर, पुसायचं, नवं ग्रीस. एका भोकाला दुपार गेली. दुसऱ्या दिवशी पाच, मग सात, मग साडेआठ. साडेआठनंतर जुन्या प्लगच्या आट्यांची नुसती साल उरली, कांद्याच्या पातीएवढी पातळ. त्याच आट्याचा टॅप हलक्या हाताने फिरवला आणि साल गुंडाळी होऊन वर आली. हेडचे आटे शाबूत होते. मी मान वर केली तेव्हा मालक तिथेच उभा होता, किती वेळापासून कोण जाणे.

खरा हट्टी तुकडा अजून खाली होता, कार्बनमध्ये रुतलेलं गरम होणारं टोक. ते आत ढकलणं सोपं. पण या इंजिनात ते सरळ पिस्टनवर पडतं आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. त्याच्या पोकळीत चार मिलिमीटरचे आटे पाडले, त्यात लांब बोल्ट, बोल्टवर सरकता ठोकळा. ठोकळा वर ओढून थाडकन आपटायचा, जशी विहिरीतून अडकलेली बादली हिसक्याने वर काढतात. अकराव्या हिसक्याला तुकडा आला. काळा, बोटाच्या पेराएवढा, एका बाजूला किंचित फुगलेला. कधीतरी कुणीतरी ट्रकची केबल लावली होती. मालकाकडे पाहिलं. तो दुसरीकडे पाहत होता.

पुढचं भराभर झालं. भोकातला कार्बन रीमरने साफ, मोबाइलला जोडायच्या बारीक कॅमेऱ्याने आत डोकावून पाहिलं, डिझेल बंद ठेवून नुसतं सेल्फ मारून फुंकून टाकलं. नवे प्लग टॉर्क पान्याने पंधरावर. पोराला त्यांना थेट बॅटरीची वायर लावून ‘लाल होतात का’ बघायचं होतं. त्याला थांबवलं. नव्या गाड्यांचे बरेच प्लग बारा व्होल्टचे नसतातच. कंट्रोलर त्यांना मोजून कमी व्होल्ट देतो, बॅटरी लावली की दोन सेकंदांत खलास.

बिलावरून तासभर घासाघीस झाली. “एवढासा तुकडा आणि एवढं बिल?” प्लग तोडला मीच होता, म्हणून माझी मजुरी मी अर्धी लावली, काकांच्या बुशांचे पैसे मात्र पूर्ण घेतले. शेवटी तो म्हणाला, “तुकडा तरी द्या.” कागदात बांधून दिला.

पंधरा दिवसांनी कात्रपच्या चौकात ती पिकअप पुढे उभी दिसली. आरशाला लिंबू-मिरची होतीच. तिच्याखाली तांब्याच्या तारेला काळं काहीतरी लोंबत होतं. सिग्नल सुटला. गाडी निघून गेली, धूर नव्हता.