रहस्यकथेतला पहिला संशयित

बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड ही नावं जुन्या लोकांना आजही पाठ आहेत. पण टाइमपास म्हणून हे सगळं लेखन बाजूला सारलं गेलं. मला ते पटत नाही.

कारण रहस्यकथेचा मुरलेला वाचक एक गोष्ट पक्की ओळखून असतो. पहिल्या प्रकरणात ज्याच्यावर सगळ्यांचा संशय, तो बहुतेक वेळा गुन्हेगार नसतोच! अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल बघा. खेड्यात राहणारी, विणकाम करत बसणारी म्हातारी. कुठं खून झाला की तिला आपल्या गावातलंच कुणीतरी आठवतं, कारण लोभ आणि मत्सर सगळीकडं सारखाच. (अशा आज्या आपल्या करमाळ्यातही गल्लोगल्ली आहेत.) पण गावात नवखा दिसला म्हणून त्याच्याकडं बोट दाखवून ती मोकळी होत नाही.

आपण होतो. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्यातले बहुतेक आपल्याच जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. नाव-गाव विचारून एक फोन लावायला कितीसा वेळ लागला असता?

आजही तालुक्यात काही घडलं की मला फोन येतात, "कुणी केलंय ते सगळ्या गावाला माहितीये, तुम्ही नाव टाका की." तोवर पंचनामासुद्धा झालेला नसतो.