तिसरा रकाना

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नातीचा फोन आला. लेक-जावई बरीच वर्षं इंग्लंडात, लीड्सला आहेत. नात चौदा वर्षांची. मराठी छान बोलते, पण बोलता बोलता कधी इंग्रजीत शिरते ते तिचं तिलाच कळत नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एकदम म्हणाली, "आजी, तुझी बकेट लिस्ट काय आहे गं?"

मी आपलं सरळ उत्तर दिलं, "दोन प्लास्टिकच्या आहेत, एक लोखंडी आहे ती गळकी, आणि तुझ्या पणजीची पितळी बादली माळ्यावर आहे. का गं?"

पलीकडे जे हसणं सुरू झालं ते थांबेना. मग तिनं समजावलं. बकेट लिस्ट म्हणजे मरायच्या आधी करून घ्यायच्या गोष्टींची यादी. २००७ साली त्या नावाचा एक सिनेमा आला होता. दोन म्हातारे, दोघांचाही आजार बरा न होणारा, आणि मग ते अशी यादी करून फिरायला निघतात. तेव्हापासून हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला.

"पण मध्ये बादली कशाला?" मी विचारलं.

"किक द बकेटवरून, आजी! तू तर इंग्लिशची टीचर होतीस ना?"

होते. चौतीस वर्षं होते. आणि मंडळी, 'किक द बकेट' मला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. उलट इतका नीट माहीत असलेला दुसरा इंग्रजी वाक्प्रचार माझ्याकडे नसेल. कसा माहीत झाला ते कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगते.

मी बीए झाले १९७१ साली, मराठी माध्यमातून. विषय मराठी आणि इतिहास. पुढे बीएड केलं आणि १९७४ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका गावी हायस्कूलला लागले. तिथं इंग्रजी शिकवायला कोणी टिकत नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही इंग्रजी घ्या." अक्षराचा आणि इंग्रजीचा काय संबंध ते मला आजही कळलेलं नाही. पण घेतलं. तर्खडकर भाषांतरमाला, एक जुनं व्याकरणाचं पुस्तक आणि रात्रीचा अभ्यास, यावर गाडी चालली. त्या काळी आमच्याकडे इंग्रजी पाचवीपासून असे (पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली). म्हणजे दहावीला पोचलेल्या मुलाचं इंग्रजीचं वय जेमतेम सहा वर्षांचं.

त्या व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेवटी वाक्प्रचारांची यादी होती. मी फळ्यावर दोन रकाने आखायची. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे मुसळधार पाऊस पडणे. 'वन्स इन अ ब्ल्यू मून' म्हणजे क्वचित. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. मुलं घोकायची. मी सांगायची, "निबंधात, पत्रात वाक्प्रचार वापरा रे, भाषा खुलते." आणखी एक नियम केला होता. दहावीच्या मुलांनी रजेचा अर्ज इंग्रजीतच लिहायचा. तेवढाच सराव.

१९८२ ची गोष्ट. वर्गातला एक मुलगा दोन आठवडे आला नाही. वडील अचानक गेले होते. तेरावं झाल्यावर आला. डोक्याचा गोटा, अंगात थोरल्या भावाचा सदरा. स्टाफरूमच्या दाराशी उभा राहून त्यानं चार घड्या घातलेला कागद माझ्या हातात दिला. त्यात लिहिलं होतं, "माय फादर किक्ड द बकेट ऑन ट्यूसडे. सो आय कुड नॉट अटेंड स्कूल."

आता जे लिहिणार आहे ते लिहिताना हात अडखळतो. पण लिहिते. तो कागद वाचून मला पहिल्यांदा आनंद झाला. 'किक'चं 'किक्ड' केलं होतं! भूतकाळ बरोबर, 'कुड नॉट' बरोबर, वाक्प्रचार जागच्या जागी. त्याला दाराशी उभं करून मी कौतुकानं तो कागद आत घेऊन गेले आणि सगळ्यांना दाखवला.

आमच्यात एक सर होते, मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांनी वाचलं आणि ते मोठ्यानं हसले. मग बाकीचेही हसले, का ते न कळता. मीही हसले असेन. मग मी हळूच विचारलं, "सर, चुकलंय का काही?" ते म्हणाले, "बाई, व्याकरण नाही चुकलं. पण हे असं आहे की 'माझा बाप मंगळवारी गचकला'."

माझं तोंड बंद झालं. मला माहीत नव्हतं हो. पुस्तकात 'मरणे' एवढंच होतं, मी तेवढंच शिकले आणि तेवढंच शिकवलं. पण खरी चूक पुढची आहे. मी बाहेर आले, अर्जावर सही केली आणि म्हणाले, "ठीक आहे, जा वर्गात." त्याला काहीच सांगितलं नाही. आपल्यालाच येत नव्हतं हे पंधरा वर्षांच्या पोराला कसं सांगायचं? लाज वाटली, आणि गप्प बसले.

त्या मे महिन्यात पुण्याला गेले तेव्हा अप्पा बळवंत चौकातून हॉर्नबीची ऑक्सफर्ड डिक्शनरी आणली. जुनीच, पण पानं शाबूत. त्यात शब्दांपुढे कंसात बारीक खुणा असतात. हा शब्द बोलीतला, हा बाजारी, हा फक्त पुस्तकी. त्या खुणांकडे मी आधी कधी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्या फळ्यावर तिसरा रकाना आला : 'कोणी, कोणाला, कधी म्हणायचं'.

गंमत अशी की आपल्या भाषेत हा रकाना कुणी शिकवावा लागत नाही. गेले, वारले, निवर्तले, देवाज्ञा झाली, वैकुंठवासी झाले, खपला, गचकला, राम म्हटला. अर्थ सगळ्यांचा एकच. पण शेजारच्या काकांना भेटायला जाऊन "काकू खपल्या का?" असं शेंबडं पोरही विचारणार नाही. आणि 'गवऱ्या मसणात जाणे' घ्या. माझ्या गवऱ्या मसणात गेल्या असं मी स्वतःबद्दल दिवसातून दोनदा म्हणते. पण माझ्या सुनेनं तेच माझ्याबद्दल म्हटलं तर? (ती हे वाचते, म्हणून लिहिते : ती म्हणत नाही. निदान माझ्यासमोर.)

इंग्रजीचंही तसंच आहे. 'किक द बकेट' १७८५ साली फ्रान्सिस ग्रोस या गृहस्थांनी छापलेल्या कोशात सापडतो, आणि तो कोशच मुळी उनाड, बाजारी भाषेचा होता! म्हणजे या शब्दावरची खूण तेव्हापासूनच स्पष्ट आहे. ही बादली कुठली, याबद्दल तर्क आहेत. एक असा की काही भागांत जनावर कापल्यावर ज्या आडव्या दांडीला टांगत तिलाच 'बकेट' म्हणत, आणि जीव जाताना त्याचे पाय तिच्यावर आपटत. ते चित्र डोळ्यांपुढे आणा आणि मग तो अर्ज पुन्हा वाचा.

तिसऱ्या रकान्यातल्या आणखी काही नोंदी सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

'अंडर द वेदर' म्हणजे आजारी, असं आपण घोकलं. पण ते आपल्या 'जरा कसकस वाटतंय'सारखं आहे. सर्दी, अंगदुखी, फार तर दोन दिवसांचा ताप. अतिदक्षता विभागातल्या माणसाबद्दल ते म्हणायचं नाही. आणि तिथं डॉक्टर जर 'नॉट आउट ऑफ द वुड्स' म्हणाले, तर जंगलाचा विचार न करता समजायचं की अजून धोका टळलेला नाही.

'बाइट द डस्ट' म्हणजेही पुस्तकात 'मरणे' असतं. पण ते लढाईतलं, खेळातलं. हरलेला पैलवान, बंद पडलेला धंदा, मोडलेला मिक्सरसुद्धा बाइट द डस्ट करतो. आपल्या 'धूळ चाटणे'च्या जवळचं. घरातल्या मयतासाठी नाही.

'ब्रेक अ लेग' म्हणजे शुभेच्छा. पण त्या नाटकात रंगमंचावर जाणाऱ्या नटाला द्यायच्या. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी एका भाच्यानं मला हाच मेसेज पाठवला होता. भावना पोचल्या.

'कॅट्स अँड डॉग्ज' तर आपल्या पाठ्यपुस्तकांचा लाडका. जोनाथन स्विफ्टनं १७३८ साली वापरलेला, म्हणजे जुना खरा. कुत्री-मांजरं गवती छपरावर झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची, अशी एक कथा फिरत असते. मलाही ती दोनदा आली. ती खोटी आहे, पुढे पाठवू नका. लेक सांगते की तिथं असं म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो. जोराचा पाऊस असला की लोक म्हणतात, 'इट्स बकेटिंग डाऊन'. पुन्हा बादलीच!

आणि एक उलटं उदाहरण. आपल्याकडे सर्रास म्हणतात, "त्यांचे फादर एक्स्पायर झाले." आपल्याला ते सभ्य वाटतं, कारण 'मेले' म्हणवत नाही. पण लेकीनं तिच्या शेजारणीला असंच सांगितलं, तेव्हा ती बाई क्षणभर गोंधळली. तिकडे आता एक्स्पायर होतात ती औषधं, दुधाच्या पिशव्या आणि पासपोर्ट. जुन्या इंग्रजीत माणसंही व्हायची, आपण तेवढं धरून बसलो आहोत. तेव्हा तिसरा रकाना गावागणिक आणि काळागणिकही बदलतो.

असो. तर नातीनं यादी विचारली. फोन ठेवल्यावर मी खरंच विचार करत बसले. काशी झाली, लेकीकडे दोनदा जाऊन आले. यादीत एकच गोष्ट उरली होती, आणि ती त्रेचाळीस वर्षांची जुनी होती.

त्या बॅचच्या मुलांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात मलाही घेतलंय. तिथून नंबर काढला आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी फोन लावला. तो चिंचवडला एका कारखान्यात आहे, आता निवृत्त होईल. आवाज ओळखून म्हणाला, "बाई! तुम्ही कशाला फोन केलात, मीच केला असता." मी म्हटलं, "तुझ्या दहावीच्या वेळचा एक अर्ज होता..." आणि सगळं सांगून टाकलं.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, मला आठवतोय तो कागद. तुम्ही आत गेलात आणि आतून हसायचा आवाज आला. मला वाटलं, स्पेलिंग चुकलं. घरी जाऊन पुस्तकात दहा वेळा बघितलं. स्पेलिंग तर बरोबर होतं."

मला काही बोलता येईना.

"मग कधी कळलं रे तुला?"

"कंपनीत लागल्यावर. एका साहेबांचे वडील गेले, तेव्हा मी बोललो तसं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग एकानं बाजूला घेऊन सांगितलं." जरा थांबून म्हणाला, "तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, बाई."

"हो रे," मी म्हटलं. "सांगायला पाहिजे होतं."

त्यानं 'जाऊ द्या हो बाई' असं म्हटलं नाही, आणि ते मला आवडलं. इतक्या वर्षांनी तेवढं ऐकून घ्यायची माझी तयारी होती. मग तोच म्हणाला, "बरं, मग तेव्हा काय लिहायला पाहिजे होतं, ते तरी आता सांगा."

मी म्हटलं, "माय फादर डाइड ऑन ट्यूसडे. बास. 'पास्ड अवे' म्हटलं तरी चालतं, ते जरा मऊ आहे. पण साधं 'डाइड'सुद्धा चुकीचं नाही. वाक्प्रचार लागतच नव्हता तिथं."

त्यानं ते फोनवर हळू आवाजात एकदा म्हणून बघितलं. पूर्ण वाक्य. वर्गात म्हणायचा तसंच.

मग मुलांची चौकशी झाली, त्याच्या आईची झाली. ती आता नव्वदीला आली आहे आणि गावीच असते. फराळाला या म्हणाला.

रात्री नातीला कळवलं, यादीतली एक गोष्ट झाली. तिनं विचारलं, "विच वन?" मी म्हटलं, मोठी झालीस की सांगेन. पण आता इथं लिहिलंय, तेव्हा तिची आई तिला वाचून दाखवेलच.