तोफ ट्रेलरवर चढवताना



बंद पडलेली तोफ ट्रेलरवर कशी चढवतात हे शेतकऱ्याच्या घरात सांगून काय उपयोग, असे तुमच्या मनात येईल. आमच्या वहिनींनीही मला हेच विचारले. पण ज्या घरात ट्रॅक्टर आहे, मळणीयंत्र आहे, किंवा ज्यांच्या बांधावर विहिरीसाठी पोकलेन येऊन गेले आहे, त्यांना हे ठाऊक असलेले बरे. ओझे तोफेचे असो की ट्रॅक्टरचे, कलंडताना ते खाली कोण उभे आहे हे पाहत नाही.

मी त्र्यंबकेश्वर तालुक्यातला. घरी भात, नागली आणि वरई. लहानपणी वारा देवळालीकडून असला की तोफांची गडगड ऐकू यायची आणि आजी म्हणायची, "पोरांनो, वाळवण आत घ्या." तोफखान्याची शाळा तिथे आहे हे तिला माहीत होते, पण पापडांच्या बाबतीत ती कुणावर विश्वास ठेवत नसे. १९७९ साली मी फौजेत भरती झालो. गावाला वाटले, पोरगा बंदूक चालवणार. मला मिळाले ईएमई, म्हणजे १९४३ साली उभे राहिलेले, फौजेची यंत्रे दुरुस्त करणारे दल. त्यात माझे काम रेकरवरचे. रेकर म्हणजे क्रेन आणि विंच बसवलेला दांडगा ट्रक. चिखलात रुतलेली, दरीत गेलेली, बंद पडलेली गाडी ओढायची, ट्रेलरवर घालायची आणि कारखान्यात पोहोचवायची. बावीस वर्षे हेच केले.

आमचे उस्ताद पहिला प्रश्न एकच विचारत, "वजन किती?" अंदाजाने सांगितले की मैदानाला चक्कर. बोफोर्स तोफ सुमारे बारा टनांची. २०१८ साली नोव्हेंबरात देवळालीला दोन नव्या तोफा दाखल झाल्या. त्यांतली एम-७७७ जेमतेम सव्वाचार टनांची, तिला हेलिकॉप्टर उचलून डोंगरावर नेते. आणि के-९ वज्र, स्वतःच्या पट्ट्यांवर चालणारी, सत्तेचाळीस टनांची. दोघींच्या नळीतून गोळा १५५ मिलिमीटरचाच जातो, पण एकीसाठी आणलेला ट्रेलर दुसरीच्या कामाचा नाही. तुमच्या पन्नास घोड्यांच्या ट्रॅक्टरचे वजन साधारण दोन टन. मात्र तो ओहोळात पडला असेल तर अंगावरचा चिखल मोजा, आणि चिखल चाक कसा धरून ठेवतो तेही मोजा. चिखलातून उपटताना लागणारा जोर नुसत्या वजनापेक्षा पुष्कळ जास्त असतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. क्रेनचा हात जितका लांब टाकाल तितकी तिची ताकद घटते. जवळ उभी राहून पाच टन उचलणारी क्रेन हात लांबवून एक टनालाही धाप टाकते. म्हणून रेकर ओझ्याजवळ आणायचा, टणक आणि सपाट जागी उभा करायचा, आणि त्याच्या आधाराच्या पायांखाली जाड फळ्या घालायच्या. आपल्याकडे पावसाळ्यात वरून मुरूम दिसतो आणि खाली लोणी असते. पाय हळूच खचतो, आणि ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

आता दोराचा कोन. हे समजायला शाळा लागत नाही. पाण्याने भरलेली बादली दोघींनी मिळून कडीला दोर बांधून उचला. जवळजवळ उभ्या राहिलात तर निम्मे-निम्मे वजन. मग एकेक पाऊल लांब सरका. बादली तीच, पाणी तेच, पण हात तुटायला लागतात. बारा टनांची तोफ दोन उभ्या दोरांवर लटकवली तर एकेकावर सहा टन येतात. तेच दोर फाकून जमिनीशी तीस अंशांचा कोन झाला की एकेकावर पुरे बारा टन. हे न कळल्यामुळे चांगले दोर तुटतात आणि लोक दोराच्या कारखान्याला शिव्या घालतात.

चाकांची वस्तू असेल तर उचलण्यापेक्षा उतरंडीच्या फळ्यांवरून विंचने ओढून घेणे बरे. पण ट्रेलर पुढच्या गाडीला जोडलेलाच हवा. तुम्ही बैलगाडी हाकली असेल तर हे वेगळे सांगायला नको. मागच्या बाजूला पोती टाकली की गाडी उलाळ होते आणि जू आभाळाकडे जाते. सुटा ट्रेलर तसाच करतो, फक्त तो बैलांना नव्हे तर माणसांना चिरडतो. ढोलावर तारेचे चार-पाच वेढे शिल्लक ठेवायचे. ओढ जास्त असेल तर मध्ये कप्पी घालायची. तार दुप्पट लागते, पण तारेवरचा ताण निम्म्यावर येतो. चाकामागे उटी घेऊन चालणारा माणूस हवा, आणि तो तारेच्या रेषेत येता कामा नये. इशारा एकानेच द्यायचा. मात्र "थांबा" कुणीही म्हणावे, आणि ते ऐकून सगळ्यांनी थांबावे.

हे सगळे मला तोंडपाठ होते. तरी १९८८ सालच्या पावसाळ्यात जे घडले ते माझ्यामुळे घडले.

जागा आणि पलटण सांगत नाही. तोफ ओढणारी एक जड गाडी आम्ही ट्रेलरवर घेत होतो. सकाळी तार तपासायचे काम माझे होते. जुन्या तारेचे केस तुटून वर येतात, ते हातमोज्याला अडकतात. त्या दिवशी एका वीतभर जागेत चार-पाचदा मोजा अडकला. मला दिसले. नवी तार भांडारातून आणायची म्हणजे अर्धा दिवस जाणार. मनात म्हटले, आजचा दिवस निघेल. संध्याकाळी गाडी अर्ध्या उतरंडीवर होती आणि तार कुरकुरली. शिट्टी माझ्या तोंडात होती. ती वाजवायला मला एक श्वास उशीर झाला. आपणच सकाळी काही बोललो नाही, आता कसे थांबवावे, असे काहीतरी त्या श्वासात होते.

तुटलेली तार माणसाला दिसत नाही, फक्त आवाज येतो. उटी सरकवायला आत वाकलेला माझा सांगलीकडचा जोडीदार खाली बसला. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. गाडी मागे आली ती त्यानेच दोन क्षणांपूर्वी लावलेल्या उटीवर अडली, नाहीतर मागे तिघे होते. चौकशीत मी तारेचे सांगितले. शिक्षा झाली. त्याने मला कधी दोष दिला नाही, आणि ते जास्त जड गेले. आजही दिवाळीला त्याचा फोन येतो. मुलाबाळांचे झाले की विचारतो, "भाता-नागलीचं काय?" पायाचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही.

दोन वर्षांमागे आषाढात पुतण्याचा ट्रॅक्टर खाचराच्या बांधावरून ओहोळात घसरला. इंजिनात पाणी गेले, नाशिकला न्यायचा होता. क्रेन आली, चालवणारा पोरगा विशी-बाविशीचा, हुशार. त्याने क्रेन रस्त्याच्या कडेला लावली, जुनी तार पुढच्या आसाला अडकवली. पुतण्या स्टिअरिंग धरून बसलेला. सगळी वाडी बघायला जमलेली, पोरे तर ओहोळाच्या काठावर.

मी ओरडलो, "थांबा!"

खरे सांगतो, मला लाज वाटली. म्हाताऱ्याला फौज आठवली, असे कुणीतरी मागे बोललेही. मी तारेवरून हात फिरवला आणि हात मागे घेतला. बोटाला रक्त आले होते. पुतण्याला खाली उतरवले. पोरांना लांबच्या जांभळीपाशी पिटाळले. शेजाऱ्याच्या पडवीतून सागाच्या फळ्या मागवल्या. क्रेनला ताशी भाडे होते. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तासाला पैसे जातायत आणि तुम्ही सुतळी मोजत बसलात!" मी गप्प बसलो. त्यांचे खोटे नव्हते, घरात त्या महिन्यात पैसा नव्हताच. क्रेनवाल्या पोराने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले, मग आसनाखालून नवा कोरा पट्टा काढला. म्हणाला, "बाबा, मालक म्हणतो नवा जपून वापर."

दीड तास जास्त लागला. मला सगळ्या मार्गात बघायची होती ती फळी, आणि ती खचली. चार बोटे खचली. आम्ही उतरवून खाली दगड भरले, पुन्हा फळी घातली, मग उचलले.

ट्रॅक्टर ट्रेलरवर आला. वजन आसांच्या जरा पुढे घेतले, ब्रेक लावला, गिअरमध्ये टाकला, चारी चाकांना उट्या ठोकल्या आणि चार कोपऱ्यांतून चार साखळ्या तिरक्या आवळल्या. पुतण्याला वाटले, झाले. मी ट्रेलरवाल्याशेजारी बसलो आणि अंजनेरी फाट्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. सात-आठ किलोमीटर झाले असतील. पाऊस भुरभुरत होता. खाली उतरून साखळ्या हलवून पाहिल्या. मागची उजवी साखळी हातभर ढिली झाली होती. ती आवळली, बाकीच्या तिन्ही पुन्हा एकदा ओढून पाहिल्या, आणि टपरीवर चहा घेऊन नाशिकला निघालो.