पाण्यासाठी सवत

हंड्याआधी चुंबळ येते. शहापूर तालुक्यातल्या डोंगरपाड्यांवर मुलगी हाताशी आली की जुन्या लुगड्याच्या धडप्याची चुंबळ तिच्या डोक्यावर बसते, चुंबळीवर कळशी, आणि आईमागून चालता चालता तिची मान सरळ राहायला शिकते. पुढे कळशीचा हंडा होतो, हंड्यावर हंडा चढतो. लग्नातल्या भांड्यांत हंडा असतोच. इथल्या काही घरांत तर लग्न होते तेच हंड्यासाठी.

डेंगणमाळ हे या पाड्यांतले सर्वांत गाजलेले गाव. 2015 मध्ये रॉयटर्सने इथली हकीकत जगभर पोचवली. साठी ओलांडलेला एक शेतमजूर, त्याच्या तीन बायका. पहिली मुलाबाळांत अडकलेली, म्हणून पाण्याला दुसरी आणली; दुसरी आजारी पडली, म्हणून तिसरी. गावात नळ नव्हता. पाणी आणायचे ते पायपीट करून, विहिरीवरून नाहीतर नदीवरून. एका हंड्यात पंधरा-एक लिटर मावते. घराला दिवसाकाठी असे किती लागतात, हा हिशेब वाचकाने आपल्या न्हाणीघरातली बादली समोर ठेवून करावा.

या ‘पाणीवाल्या बायका’ बहुतेक विधवा, नाहीतर नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना पुन्हा कुंकू मिळते, डोक्यावर छप्पर येते, गावात मान राहतो. त्या बदल्यात पहाटेपासून खेपा. पुरुषमाणूस स्वतः हंडा का उचलत नाही, हा प्रश्न या हकिकतींमध्ये कुणी फारसा विचारलेला दिसत नाही. सायकलला कॅन लटकवून किंवा बैलगाडीत पिंप ठेवून पाणी आणणारे पुरुष महाराष्ट्रात काही कमी नाहीत. डोक्यावरचा हंडा मात्र बाईचा, हे जणू ठरूनच गेलेले.

अशा घरात वाढणाऱ्या पोराला आया दोन किंवा तीन. एक चुलीपाशी, दुसरी पाणवठ्याच्या वाटेवर. कुणाच्या हातचे जेवायचे आणि कुणाच्या हंड्यातले प्यायचे, ही वाटणी त्याला बोलता येण्याआधी कळत असणार.

अनेक बायकांचे कुटुंब म्हटले की पश्चिम आफ्रिका आठवते, आणि ते खोटे नाही. प्यू या अमेरिकी संस्थेच्या 2019 च्या आकड्यांनुसार बुर्किना फासोत 36 टक्के लोक अशा घरांत राहतात, मालीत 34 टक्के. सेनेगलच्या 1972 च्या कायद्यात तर एकच बायको करणार की अधिक, हे नवऱ्याने नोंदवायची सोय आहे. तिथल्याच लेखिका मारियामा बा यांनी 1979 मध्ये ‘सो लाँग अ लेटर’ ही कादंबरी लिहिली ती सवत आलेल्या बाईच्या बाजूने. भारतात हे प्रमाण नगण्य: 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 1.4 टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याला आणखी बायको असल्याचे सांगितले. पण कारणाचा धागा तिकडचा आणि इकडचा एकच निघतो. डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोझरूप यांनी 1970 मध्येच मांडले होते की जिथे कुदळीची शेती बायकांच्या अंगावर असते, तिथे आणखी एक बायको म्हणजे आणखी दोन हात. तिकडे शेत, इकडे पाणी. प्रथा, धर्म, पुरुषी हौस हे सगळे नंतर.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे शहापूर तालुका कोरडा नाही. पाऊस धो धो पडतो. इथल्या तानसा धरणाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते, पुढे भातसा धरणाचेही जाऊ लागले. धरणांचा तालुका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो आणि नळ उघडतात ते शहरात.

त्या शहरी बाजूला, कल्याण-डोंबिवलीत, हंड्याचे आयुष्य वेगळेच झाले. जुन्या चाळींत तो मोरीवर तांब्याचा लखलखीत उभा असे. फ्लॅट आले तसा आधी माळ्यावर गेला, मग मोडीत, नाहीतर कुंडी होऊन गॅलरीत. तो अजून डोक्यावर दिसतो तो मोर्चात. महापालिकेच्या हद्दीतल्या 27 गावांच्या बायकांनी पाण्यासाठी असे मोर्चे काढले आहेत. गोरेगावच्या मृणाल गोरे यांनाही लोक ‘पाणीवाली बाई’च म्हणत, पाण्याची लढाई लढत त्या 1977 मध्ये लोकसभेत पोचल्या. कसारा लोकलच्या एका टोकाला हंडा हत्यार आहे, दुसऱ्या टोकाला तो अजून ओझेच आहे.

राहिला कायदा. मुंबई प्रांताने 1946 मध्येच हिंदूंमधल्या दुसऱ्या लग्नाला बंदी केली आणि नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. छागला व न्या. गजेंद्रगडकर यांनी 1951 मध्ये ती उचलून धरली. 1955 चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, आणि शहापुरात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्ती मोठी. त्यामुळे सगळ्या घरांना एक माप लावता येत नाही. पण तो जिथे लागू आहे, तिथे पहिली बायको असताना केलेले दुसरे लग्न कायद्याच्या लेखी झालेलेच नसते. त्यातून झालेले मूल औरस ठरते; 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांना बापाच्या वडिलोपार्जित हिश्श्यातही वाटा दिला. त्यांच्या आईला मात्र, तिने कितीही वर्षे त्या घराचे पाणी भरलेले असो, नवऱ्यामागे विधवा म्हणून वारसा मिळत नाही.