परळच्या जुन्या मठांत

गेल्या दिवाळींत आम्ही सर्वजण रे रोडला आत्याबाईंच्या बिऱ्हाडीं जमलों होतों. आमचा पुतण्या नुकताच आर्मेनिया देशाची सफर करून आला होता, आणि हघपात व सनाहीन येथील मठांचीं छायाचित्रें तो मोठ्या हौसेनें दाखवीत होता. दहाव्या शतकांत स्थापन झालेल्या त्या काळसर दगडी वास्तु, गवतांत बुडालेल्या समाधिशिला, आणि एके काळीं जेथें पोथ्यांचें लेखन होई तीं रिकामीं दालनें पाहून आमचीं मनें थोडीं उदास झालीं. तेवढ्यांत आत्याबाईंनीं विचारलें, "काय रे, एवढ्या दूर गेलास; आपल्या मुंबईंत असा एखादा मठ नव्हता का?"

आर्मेनियन व्यापारी मुंबईस येऊन राहिले होते आणि कोटांत त्यांचें १७९६ सालचें प्रार्थनामंदिर अद्याप उभें आहे, एवढें पुतण्यास ठाऊक होतें. परंतु प्रार्थनामंदिर म्हणजे मठ नव्हे. तेव्हां आम्हांस परळची आठवण झाली. आधीं परवानगी मिळविली आणि पुढील आठवड्यांत आत्याबाईंसह निघालों.

रे रोडचें स्टेशन नित्याच्या घाईंत कोणी पाहत नाहीं. पण तें पाहण्यासारखें आहे. १८८५ ते १८९० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचें नांव येथील रस्त्यास मिळालें. १९१० सालीं कुर्ल्याहून आलेला हार्बरचा फांटा प्रथम येथेंच संपत असे. पूर्वेस दारूखाना. तेथें कित्येक दशकें जुनीं जहाजें मोडून त्यांचें लोखंड विकण्यांत आलें. जुनें झालें कीं मोडावें, हा या शहराचा एक रिवाज. दुसराहि एक रिवाज आहे, तो आम्हांस परळास दिसावयाचा होता.

कॉटन ग्रीन मागें टाकून आम्ही शिवडीस उतरलों आणि पश्चिमेची वाट धरली. ज्या वास्तूस आज हाफकिन संस्था म्हणतात, ती मूळची ख्रिस्ती धर्मगुरूंच्या मठाची. त्याहीपूर्वीं त्या जागीं परळी वैजनाथ महादेवाचें देऊळ होतें, असें सांगतात. परळचें शिवस्थानपण मात्र केवळ ऐकीव नव्हे. १९३१ सालीं याच भागांत रस्ता खणतांना सुमारें सहाव्या शतकांतील भव्य शैव शिल्प सांपडलें, व तें बारादेवीच्या देवळांत ठेवलेलें आहे. पोर्तुगीज अमलांत येथें मठ झाला. जेझुइट पाद्र्यांशीं इंग्रजांचें बिनसलें, तेव्हां १७१९ च्या सुमारास इंग्रजांनीं तो हिसकावून घेतला. पुढें गव्हर्नर हॉर्नबी येथें राहावयास आले, एल्फिन्स्टनसाहेबांनीं वास्तु वाढविली. जेथें प्रार्थना होई तेथें मेजवान्या व नाच होऊं लागले. १८८२ सालीं गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीनें वारल्या, आणि कांहीं वर्षांतच राज्यकर्त्यांनीं परळ सोडून मलबार पॉईंट गांठलें.

राजवाडा रिकामा पडला. तो मोडून टाकला असता तर कोणासहि नवल वाटलें नसतें. परंतु १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. ओडेसा येथें जन्मलेले डॉक्टर हाफकिन यांनीं भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या या वास्तूंत आली.

हें आम्ही सांगत असतां आत्याबाई थबकल्या. त्यांची आजी १९०० सालच्या साथींत बारा वर्षांची होती. गिरगांवांतील चाळींत उंदीर पडले, तेव्हां तिच्या वडिलांनीं परक्याची सुई अंगांत नको म्हणून लस नाकारली. ते व धाकटा मुलगा एकाच आठवड्यांत गेले. मग आईनें कोणास न विचारतां मुलीचा हात धरला आणि तिला टोंचून आणलें. ती मुलगी पंच्याऐंशी वर्षें जगली. "ती लस येथलीच का हो?" आत्याबाईंनीं विचारलें. येथलीच, असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं पदर सांवरला आणि भिंतीस हात लावून नमस्कार केला.

ज्यानें ती लस केली त्याच्या वांट्यास मात्र अपयश आलें. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एका कुपींतील लस टोंचलेले एकोणीस जण धनुर्वातानें मेले. सारा ठपका हाफकिनांवर आला. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, हें १९०७ सालीं मान्य झालें. पण परळचें काम त्यांच्या हातून गेलें तें गेलेंच. १९२५ सालीं संस्थेस त्यांचें नांव मिळालें.

परततांना पुतण्या म्हणाला, "तिकडे भिंती राहिल्या, पण माणसें गेलीं. येथें मठ ओळखूंहि येत नाहीं." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. मठाचें रूप येथें हरवलें, आणि तें बळानें हिरावलें गेलें, हेंहि विसरतां येत नाहीं. तरी आत्याबाईंच्या आजीसाठीं अनोळखी माणसें ज्या छपराखालीं रात्रीं जागलीं, त्यास ओसाड कसें म्हणावें? जुनें मोडण्यापूर्वीं त्यास नवें काम देतां येईल का, हा प्रश्न आमच्या नगरानें स्वतःस वरचेवर विचारावा, एवढेंच आम्हांस वाटतें.