पाचशेतले तीनशे

पेरू देशातल्या माचू पिचूला रेल्वेने जाता येते. कुस्को शहराच्या बाजूने गाडी पकडायची, डोंगराच्या पायथ्याशी उतरायचे, तिथून बसने वर. बहुतेक लोक असेच जातात. ज्यांना चालायचे आहे त्यांच्यासाठी इंकांची जुनी वाट आहे. ४ दिवस, सुमारे ४३ किलोमीटर. गाईडशिवाय या वाटेवर पाऊल ठेवता येत नाही. परवाना आधी काढावा लागतो, तो पासपोर्टच्या नंबरावर असतो आणि दुसऱ्याला देता येत नाही. फेब्रुवारी महिनाभर वाट दुरुस्तीसाठी बंद असते. आणि एका दिवशी ५००च्या वर माणसांना आत सोडत नाहीत.

हा ५००चा आकडा मला आधीपासून माहीत होता. मला वाटायचे, ५०० पर्यटक. प्रत्यक्षात पर्यटक साधारण २०० असतात. उरलेले ३०० म्हणजे गाईड, आचारी आणि हमाल. एवढ्या प्रसिद्ध वाटेवर रोज चालणाऱ्यांत बहुसंख्य लोक ओझे वाहणारे आहेत, हे साधे गणित कुठल्याच फोटोत दिसत नाही. या लेखात मी प्रामुख्याने त्यांच्याबद्दल लिहिणार आहे.

मी आणि अमेरिकेत नोकरी करणारा माझा भाचा, असे आम्ही दोघे गेलो होतो. माझी पन्नाशी उलटलेली. सह्याद्रीत हिंडण्याची सवय आहे, पण कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आणि या वाटेवरची सर्वात उंच खिंड ४,२१५ मीटर. म्हणजे अडीच कळसूबाई. म्हणून कुस्कोत तीन दिवस नुसते राहिलो. कुस्कोच ३,४०० मीटरवर आहे. जिना चढला तरी धाप लागते. भाचा दर तासाला विचारायचा, "मामू, डोकं दुखतंय का तुमचं?"

वाट सुरू होते ती रेल्वेमार्गाच्या ८२व्या किलोमीटरला. तिथे तपासणी नाका आहे. आमचे पासपोर्ट पाहिले गेले आणि शेजारी हमालांची ओझी काट्यावर चढली. पेरूमध्ये २००१ साली हमालांसाठी कायदा झाला. त्याप्रमाणे एका माणसाच्या पाठीवर २० किलोपेक्षा जास्त वजन देता येत नाही. आमच्यातल्या एकाचे ओझे थोडे जास्त भरले. त्याने गाठोडे सोडले, त्यातला एक डबा काढून दुसऱ्याला दिला, पुन्हा वजन केले. कुणी आवाज चढवला नाही. काटा होता म्हणून हे झाले. काटा नसता तर तो डबा त्याच्याच पाठीवर राहिला असता.

आपल्याकडचा 'हमाल' हा शब्द मूळ अरबी. 'हम्ल' म्हणजे ओझे, ते वाहणारा तो हमाल. मराठीत तो इतका मुरला की परका वाटत नाही. महाराष्ट्रानेही हमालांसाठी कायदा केला, १९६९चा माथाडी कायदा. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. पाठीवर किती ओझे चढवायचे हा प्रश्न दयेने सुटत नाही, त्याला आकडा लागतो आणि तो आकडा लिहिलेला लागतो, हे आपल्या लोकांना फार पूर्वी कळले होते. त्यामुळे अँडीज पर्वतात त्या काट्यासमोर उभा असताना मला अनोळखी असे काही वाटले नाही. हाजी मलंगच्या चढावर म्हाताऱ्यांना डोलीतून नेणारी माणसे लहानपणापासून पाहिलेली आहेत. त्यांचे पाय आणि इथल्या हमालांचे पाय सारखेच.

दुसरा दिवस सर्वात कठीण. वार्मी वान्युस्का खिंड, म्हणजे 'मेलेली बाई'. खालून पाहिले तर डोंगराची कड उताण्या झोपलेल्या बाईसारखी दिसते. वीस पावले चालायचे, थांबायचे, पुन्हा वीस पावले. माझ्या पाठीवर पाण्याची बाटली, रेनकोट आणि सुकामेवा. शेजारून हमाल गॅसची टाकी, तंबू, टेबल घेऊन जात होते. काहींच्या पायात टायरच्या चपला. आमच्यानंतर निघायचे आणि आमच्याआधी पोचायचे. आम्ही मुक्कामाला गेलो की तंबू उभे असायचे, कोमट पाण्याची घमेली मांडलेली असायची आणि ते सगळे टाळ्या वाजवून आमचे स्वागत करायचे. पहिल्या दिवशी गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामू, टाळ्या उलट्या बाजूने वाजायला हव्यात ना?" मग आम्ही दोघांनी वाजवल्या. बाकीचेही सामील झाले.

मी मांस खाणार नाही हे आधीच कळवले होते. आचाऱ्याने किनवाचे सूप, भात, डाळ आणि निरनिराळ्या तऱ्हेचे बटाटे यांवर चार दिवस काढले. बटाटा मूळचा याच डोंगरांतला, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. फजरच्या नमाजसाठी जागा शोधताना मजा झाली. घरी आपण पश्चिमेकडे तोंड करतो. पेरूतून मक्का पूर्वेला येते, जराशी उत्तरेकडे. सूर्य उगवण्याआधी पूर्वेकडे तोंड करून वाकणारा माणूस पाहून एका हमालाने गाईडमार्फत विचारले, "हे सूर्याला नमस्कार करतात का?" इंकांचा मोठा देव सूर्य, तेव्हा प्रश्न रास्तच होता. मी सांगितले, नाही, आमची एक दिशा आहे, ती इथून योगायोगाने अशी येते. त्याने मान डोलावली. खिंडीत त्याने कोकाची तीन पाने बोटांत धरून डोंगराकडे फुंकर घातली होती. त्यावर मी काही विचारले नव्हते. माझ्या उत्तरानंतर तोही अधिक काही बोलला नाही. दुसऱ्या पहाटे मात्र माझ्या तंबूपुढची सपाट जागा सामान हलवून मोकळी केलेली होती.

तिसऱ्या दिवशी वाटेवर एकामागून एक अवशेष लागतात. गोलाकार रुंकुराकाय, कड्यावरचे सायाक्मार्का, ढगांच्या वरचे फुयुपातामार्का, आणि शेवटी विन्याय वायना, जिथे उतारावर शेतीच्या पायऱ्या खाली नदीकडे उतरत जातात. लोखंड नव्हते, चाक नव्हते, घोडा नव्हता. दगडाने दगड घासून हे सगळे बांधले. पण हेही सांगायला हवे की इंकांचे साम्राज्य हे साम्राज्यच होते. शेजारच्या जमाती जिंकून ते वाढले. हे दगड 'मिता' नावाच्या पद्धतीने वाहिले गेले. प्रत्येक कुटुंबाने पाळीपाळीने राज्यासाठी राबायचे. पुढे स्पॅनिशांनी हीच पद्धत उचलली आणि माणसांना पोतोसीच्या चांदीच्या खाणीत घातले. मालक बदलले, पाठी त्याच राहिल्या.

त्या रात्री निरोपाचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे हमाल वेगळ्या वाटेने उतरून गाडी पकडणार होते. प्रत्येकाने आपले नाव, गाव आणि मुले किती ते सांगितले. त्यांची भाषा क्वेचुआ. गाईड स्पॅनिश आणि इंग्रजीत सांगत होता. मध्येच थांबून तो म्हणाला, "आमच्या भाषेत एक गोष्ट आहे जी इंग्रजीत आणता येत नाही. आमच्याकडे 'वुई'साठी दोन शब्द आहेत. 'नोकायकू' म्हणजे आम्ही, तुम्ही त्यात नाही. 'नोकान्चिस' म्हणजे तुम्हीसुद्धा त्यात."

मी म्हणालो, आमच्या भाषेतही आहे. आम्ही आणि आपण. त्याला खरे वाटेना. त्याने सगळ्यांना सांगितले आणि मग वीस जणांनी 'आपण' हा शब्द म्हणून पाहिला. 'ण' कुणालाच जमला नाही.

स्पॅनिशला हा फरक करता येत नाही. उर्दू-हिंदीचा 'हम'ही तो करत नाही. मराठी करते. आणि आम्हा मराठी मुसलमानांना हा फरक व्याकरणात शिकावा लागत नाही. "तुम्ही मराठी किती छान बोलता हो," असे कुणी कौतुकाने म्हटले की ते कळतेच. बोलणारा मनाने वाईट नसतो. पण त्या वाक्यात 'आपण' नसतो.

चौथ्या दिवशी पहाटे अंधारात आम्ही इंती पुंकूकडे, म्हणजे सूर्यद्वाराकडे निघालो. धुके हटले आणि खाली माचू पिचू दिसले. ते वर्णन करायला माझ्याकडे वेगळे शब्द नाहीत. जितके म्हणतात तितके आहे.

उतरल्यावर गाईडने १९११ची गोष्ट सांगितली. २४ जुलैला हायरम बिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने माचू पिचूचा 'शोध लावला'. त्याला वर नेणारा होता मेल्चोर आर्तेआगा नावाचा स्थानिक शेतकरी, मजुरी एक सोल. वर दोन-तीन शेतकरी कुटुंबे राहत होती, इंकांच्या पायऱ्यांवर शेती करत होती. त्यांच्यातल्या एका लहान मुलाने बिंगहॅमला अवशेषांपर्यंत पोचवले. एका भिंतीवर कोळशाने लिसारागा हे नाव आणि १९०२ हे साल लिहिलेले होते. कुस्को भागातल्याच एका शेतकऱ्याने आधी येऊन लिहिलेले. बिंगहॅमने ते वहीत टिपलेही. तरी शोध त्याचाच ठरला. त्याचे श्रम खोटे नव्हते. जगाला ती जागा त्याच्यामुळे माहीत झाली. पण ज्यांच्या अंगणात ती होती, त्यांना ती हरवलेली कधी वाटलीच नव्हती.

आमच्या हमालांपैकी एकाला मी आदल्या रात्री विचारले होते, माचू पिचू तुला कसे वाटते? तो म्हणाला, इतक्या वेळा ही वाट चाललो, आत कधी गेलो नाही. सामान घेऊन खाली गाडी गाठायची असते.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर तीन गोष्टी सांगतो. पैसे भरण्याआधी विचारा की हमालांना किती मजुरी मिळते, ते कुठे झोपतात, काय खातात. सरळ उत्तर मिळाले नाही तर दुसरीकडे जा. स्वतःच्या पाठीवर निदान पाच किलो घ्या. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांची नावे वहीत उतरवून घ्या, उच्चार विचारून. शेवटच्या रात्री नाव घेऊन आभार मानता येतात. क्वेचुआत त्याला 'सुल्पायकी' म्हणतात. हा शब्द आपल्या तोंडी सहज बसतो.