लाल कंठाचा पाहुणा आणि आपला शिंजीर

भंडारा, फाल्गुन शुद्ध पंचमी

चि. बाळास,

पत्र पावले. गेल्या उन्हाळ्यात ओहायोतील तुझ्या बागेत जो लाल कंठाचा हमिंगबर्ड आला, तोच आपल्या पळसावर येतो असे जे तू लिहिले आहेस, त्याचा खुलासा केल्यावाचून राहवत नाही. उत्तर-दक्षिण अमेरिका खंडांबाहेर हमिंगबर्ड कोठेही नाहीत, आणि ते पाकोळ्यांचे दूरचे आप्त आहेत. सांप्रत वैनगंगेकाठच्या पळसांवर दिसतो तो जांभळा शिंजीर, ज्याचे कूळ सर्वस्वी निराळे असूनही मधुरसाच्या एकाच वृत्तीने त्यास तशीच बारीक, लांब चोच व तशीच इवली काया दिली आहे. मात्र हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून मध पितो, शिंजीर बहुधा डहाळीवर बसून.

शिंजिराचा नर सावलीत निव्वळ काळा भासतो. परंतु उन्हाची तिरीप पडताच त्याच्या अंगावर निळ्या-जांभळ्या रंगांचे जे तेज उसळते, ते रंगद्रव्याचे नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवर खेळणाऱ्या प्रकाशाचे असते, आणि तुझ्या पाहुण्याचा लाल कंठ क्षणात काळवंडतो तोही ह्याच कारणाने. छातीवर तांबूस पट्टा, पंखांखाली दडलेले नारिंगी-पिवळे झुबके. पण विणीचा हंगाम सरला की हा सारा दरबारी पोशाख उतरतो आणि नर मादीसारखा, वर मातकट व खाली पिवळसर होऊन, हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी राखतो. ह्या साध्या वेषात त्यास ओळखणे मला अधिक मोलाचे वाटते.

जेमतेम तीन ग्रॅम वजनाचा तुझा पक्षी दक्षिण कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पूर्वेकडील मुलखात वीण करतो, आणि हिवाळ्यासाठी मेक्सिको व मध्य अमेरिका गाठताना त्यांतले कित्येक आखाताचे सुमारे ८०० किलोमीटर पाणी न थांबता ओलांडतात, हे वाचून मी थक्क झालो. शिंजिराचा मुलूख ओमान-इराणपासून व्हिएतनामपर्यंत पसरलेला असला, तरी तो एवढी स्वारी करीत नाही. सावर, पळस, पांगारा अशा बहरांमागे थोडासा सरकतो, इतकेच. मालगुजारी तलावांच्या पाळीवरील आंब्यांवरचे बांडगूळ लोक उपद्रवी म्हणून तोडतात, तेव्हा माझा जीव कळवळतो, कारण त्याच्या फुलांत शिंजिराचा मोठा निर्वाह आहे.

यंदा आपल्या ओसरीच्या तारेला मादीने कोळ्याच्या जाळ्यांनी साल व कचरा सांधून लोंबते घरटे बांधायला घेतले आहे. हमिंगबर्डही घरट्यास कोळ्याचेच धागे वापरतो. उन्हाळ्यात तुझ्याकडे तो परतल्यावर त्याचे घरटे शोधून सविस्तर लिही.

तुझा,
काका